डोक्यावरचा शेजार

रक्तदाब, मधुमेह, सांधेदुखी आणि आम्लपित्त ही आम्हा जनरल प्रॅक्टिस करणाऱ्यांची रोजची चार दुखणी. गेल्या काही वर्षांत त्यांच्या जोडीला एक पाचवे येऊन बसले आहे. रुग्ण येतो तो झोप लागत नाही, डोके दुखते, छातीत धडधडते अशी तक्रार घेऊन. नाडी पाहून होते, रक्तदाब मोजून होतो, आणि मी कागदावर औषधे लिहायला घेतली की तो खुर्ची किंचित पुढे ओढतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "डॉक्टर, खरं सांगू का? आमच्या वरचे लोक..." मग पुढची दहा मिनिटे तो थांबत नाही.

वरचे लोक रात्री अकराला पलंग ओढतात. वरच्यांचे पोर घरात चेंडू आपटते. वरच्या बाई पहाटे खलबत्ता घेऊन बसतात. शेजारच्यांचा टीव्ही भिंतीतून ऐकू येतो, त्यांचे वॉशिंग मशीन शेवटच्या पिळणीला आले की आमची भांडी थरथरतात. गंमत अशी की यातले निम्मे लोक हमरस्त्याच्या कडेला राहतात. दिवसभर एस.टी. आणि ट्रक यांचे हॉर्न ऐकतात. त्याबद्दल अवाक्षर नाही, आणि खुर्ची सरकल्याच्या आवाजाने मात्र त्यांचे हातपाय कापतात.

या तक्रारीला घरात कोणी किंमत देत नाही. "तुम्हालाच कसा आवाज येतो?" असे म्हणून बायकामुले विषय संपवतात. काही डॉक्टरही हसतात आणि अर्धी गोळी लिहून देतात. माझे मत वेगळे आहे. हे दुखणे खरे आहे, शरीराचे आहे, आणि त्याकडे वेळीच पाहिले नाही तर ते एका माणसापुरते राहत नाही, दोन घरे आजारी पाडते.

आपल्या सांगलीत ते वाढण्याचे कारण उघड आहे. गावभाग, खणभाग येथील जुन्या बैठ्या घरांतून माणसे विश्रामबाग आणि त्याच्याही पुढच्या अपार्टमेंटमध्ये गेली. २००५ च्या पुरानंतर काही गेली, २०१९ आणि २०२१ नंतर आणखी गेली. पाणी घरात शिरू नये म्हणून तिसरा मजला घेतला, आणि डोक्यावर चौथा आला. साठ वर्षे ज्याच्या डोक्यावर फक्त कौले आणि मांजर होते, त्याला वयाच्या पासष्टीत डोक्यावर संसार घेऊन झोपायला शिकायचे आहे. वाड्यात काय शांतता होती असे मात्र कोणी म्हणू नये. नळावरची भांडणे, पहाटेचे बंब, कोणाचा तरी दमा, कोणाचे तरी रेडिओवरचे भजन, सगळे सगळ्यांना ऐकू येत होते. पण तो आवाज कोणाचा आणि कशाचा हे ठाऊक होते. हा फरक लहान नाही.

इमारतीतल्या आवाजाचे दोन प्रकार आहेत. बोलणे, टीव्ही, गाणे हा हवेतून येणारा आवाज. तो भिंतीने बराच अडतो आणि खिडकी, दाराची फट, डक्ट यांतून आत येतो. दुसरा आदळण्याचा. टाच, चेंडू, खलबत्ता, खुर्चीचा पाय. हा हवेची वाट पाहत नाही. तो थेट काँक्रीटमध्ये शिरतो आणि स्लॅब, बीम, कॉलम असा प्रवास करतो. आपल्याकडचा स्लॅब साधारण चार-पाच इंची, त्यावर सिमेंटचा थर आणि फरशी. ठोका शोषून घेईल असे मऊ काही मधे नसतेच. शिवाय सगळे छतच वाजत असल्याने आवाज नेमका कुठून आला हे कानाला कळत नाही. माझ्या एका रुग्णाने वरच्या फ्लॅटवाल्यांशी दोन महिने बोलणे टाकले होते. पुढे कळले की त्या दोन महिन्यांतले पाच आठवडे वरचे कुटुंब पुण्याला मुलीच्या बाळंतपणाला गेले होते आणि घराला कुलूप होते. आवाज त्याच्याही वरच्या मजल्यावरचा होता.

आता शरीराचे काय होते ते पाहू. डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही. झोपेतही कान पहाऱ्यावर असतो. विजेच्या कडकडाटात झोपलेली आई बाळाच्या कुरकुरीने जागी होते, ती यामुळेच. अनोळखी ठोका कानावर पडला की मेंदूतले भीतीचे केंद्र आपल्याला विचारत बसत नाही. ॲड्रिनॅलिन सुटते, नाडी वाढते, रक्तदाब चढतो. पूर्ण जाग यावी लागते असेही नाही. माणूस सकाळी म्हणतो, "झोपलो होतो, पण अंग आंबलंय." जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये सांगितले होते की चांगल्या झोपेसाठी खोलीतला सततचा आवाज ३० डेसिबलच्या वर आणि एखादा सुटा आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये. वाहतुकीच्या आवाजाचा आणि हृदयविकाराचा संबंध बऱ्याच पाहण्यांत दिसला आहे. शेजाऱ्याच्या आवाजावर त्या मानाने काम कमी झाले आहे, म्हणून वरच्यांच्या मिक्सरने हार्ट अटॅक येतो असे मी म्हणणार नाही. पण ज्याचा रक्तदाब आधीच काठावर आहे त्याची झोप महिनोन्महिने मोडली, तर त्याचे काय होते हे मी माझ्या टेबलावर रोज पाहतो.

मात्र सगळे डेसिबलवर असते तर काम सोपे होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली शुश्रूषेवर जे पुस्तक लिहिले, त्यात आवाजावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांचे म्हणणे असे की रुग्णाला मोठा आवाज जितका त्रास देतो त्याहून अधिक त्रास विनाकारण होणारा आणि मनाला वाट पाहायला लावणारा आवाज देतो. दाराबाहेरची कुजबूज त्याला जास्त छळते. दीडशेहून अधिक वर्षे झाली, या वाक्यात बदल करावा असे मला वाटत नाही. ग्लास आणि सिंगर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोगही असेच आहेत. लोकांना अवेळी, बेभरवशाचे मोठे आवाज ऐकवले. काहींच्या हाताशी एक बटण दिले आणि सांगितले, फारच असह्य झाले तर दाबा, आवाज बंद होईल. बहुतेकांनी ते दाबलेच नाही. तरीही बटण असलेल्यांचे नंतरचे काम बटण नसलेल्यांपेक्षा सरस झाले. आवाज तोच होता. फरक इतकाच की एकाला वाटत होते, हे माझ्या हातात आहे.

आमच्या इमारतीतल्या माणसाच्या हातात ते बटण नाही. आणि मग त्याच्या बोलण्यात एक शब्द येतो. मी त्या शब्दाची वाट पाहत असतो. तो शब्द म्हणजे "मुद्दाम". "मुद्दाम करतात हो डॉक्टर." हा शब्द आला की समजावे दुखणे मुरले. तोपर्यंत खुर्ची सरकत होती, आता खुर्ची अपमान करते.

एका निवृत्त शिक्षकांची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. सर २०१९ च्या महापुरानंतर गावभागातले घर सोडून फ्लॅटमध्ये आले. वर्षभराने माझ्याकडे आले तेव्हा रक्तदाब १७० वर, वजन चार किलो कमी, आणि हातात शंभर पानी वही. वहीत तारीखवार नोंदी होत्या, शिक्षकाच्या शिस्तीने, तांबड्या-निळ्या शाईत. पहाटे ५-१०, ठोके सुरू. ५-५५, ठोके बंद. रात्री १०-२०, खुर्ची. मी सगळी वही वाचली. दुपारी दोन ते चार या वेळात एकही नोंद नव्हती. मी विचारले, "सर, दुपारी तर आवाज नसतो, मग तेव्हा झोप का होत नाही?" ते म्हणाले, "आता वाजेल, मग वाजेल, असं ऐकत पडून राहतो." म्हणजे आवाज दिवसातून दोन तास होता, आणि आजार चोवीस तास.

काकू मात्र त्याच घरात, त्याच छताखाली गाढ झोपत. मी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, "मलाही येतो की आवाज. पण ती बिचारी मिरजेला पेशंटच्या नातेवाइकांना डबे देते. पहाटे शेंगदाण्याचं कूट आणि लसूण कांडते. हळदीकुंकवाला गेले होते तेव्हा कळलं." सरांनी वर्षभरात वरचा जिना चढला नव्हता. काकूंना ऐकू येत होते ते डबे, सरांना ऐकू येत होता तो ठोका. मी त्यांना रक्तदाबाचे औषध दिले, ते आवश्यकच होते. आणि एका संध्याकाळी काकूंबरोबर वर जाऊन चहा घेऊन या, वही घरी ठेवा, असे सांगितले. ते तीन आठवड्यांनी गेले. वरच्या बाईंनी खलबत्त्याखाली गोणपाटाची घडी घालायला सुरुवात केली आणि कांडण्याची जागा सरांच्या पलंगाच्या वरून हलवून बाल्कनीकडे नेली. आवाज बंद झालेला नाही. सरांची गोळी चालू आहे, पण वही बंद आहे.

आता दुसरी बाजू. ती आमच्याकडे कमी येते, कारण वरच्या मजल्यावरच्या माणसाला आपण आजारी आहोत हे कळत नाही. गेल्या वर्षी एक तरुण आई अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलाला काही झाले नव्हते. तिला त्याच्यासाठी "जरा शांत बसायचं औषध" हवे होते. खालच्या मजल्यावरचे आजोबा मूल पळाले की काठीने छत ठोकत. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचे नाव न घेता रोज एक निरोप पडे आणि त्याखाली अंगठे. नवरा फिरतीवर. ती दिवसभर चवड्यांवर चालायची, मुलाला मांडीत धरून बसायची, आणि तरी ते सुटून पळाले तर त्याला चिमटा काढायची. दंडावरचा डाग तिनेच दाखवला आणि रडू लागली. मी टेबलावरचे पेपरवेट सहज खाली ठेवले तर ते पोर खेळता खेळता थांबले आणि जमिनीकडे पाहू लागले.

औषध मी अर्थातच दिले नाही. सर्दीची सिरपे देऊन मुलांना गुंगवणारे पालक मला ठाऊक आहेत, आणि तसे कोणीही करू नये हे या निमित्ताने स्पष्ट सांगतो. पण त्या आजोबांनाही मला काही सांगायचे आहे, आणि माझे बरेच वाचक त्याच वयाचे असल्याने ते त्यांना आवडणार नाही. सकाळी आठ ते रात्री आठ या वेळात अडीच वर्षांचे मूल घरात पळणारच. ते त्याच्या पायांचे काम आहे. तो आवाज सोसणे हे मोठ्या माणसाचे काम आहे, आणि सोसवत नसेल तर उपचार आपला करून घ्यावा, मुलाचा नव्हे. रात्रीचे वेगळे. रात्री दहानंतर खालच्याची झोप हा त्याचा हक्क आहे आणि तिथे वरच्याने वाकले पाहिजे. मुलाच्या आईला मी जाड सतरंज्या अंथरायला, संध्याकाळी तासभर बागेत न्यायला आणि तो व्हॉट्सॲप ग्रुप बंद ठेवायला सांगितले. पुढे त्यांनी ते घर सोडले. आजोबांच्या डोक्यावर आता कोण राहायला आले आहे, मला माहीत नाही.

ज्यांना हा त्रास आहे त्यांनी आधी स्वतःची तपासणी करून घ्यावी. थायरॉइड वाढलेले असेल, नैराश्य किंवा चिंतेचा विकार असेल, अर्धशिशी असेल, तर साधा आवाजही बोचतो. वयोमानाने ऐकू कमी येणाऱ्यांची एक चमत्कारिक अवस्था असते. हळू बोललेले ऐकू येत नाही आणि जरा मोठा आवाज झाला की कानात खुपतो. रात्रभर "मोटर" ऐकू येते आणि घरातल्या दुसऱ्या कोणालाच येत नाही, अशांच्या कानातच ती मोटर असू शकते. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. काहींना चघळण्याचा, घोटण्याचा, पेनच्या टिकटिकीचा विलक्षण संताप येतो. त्याला २००१ मध्ये मिसोफोनिया हे नाव मिळाले, आणि तो निव्वळ चिडखोरपणा नव्हे. आणि छतातून वरचे लोक आपल्याबद्दल बोलताना ऐकू येतात असे कोणी सांगू लागले, तर घरच्यांनी वाद न घालता, हसण्यावारी न नेता मानसोपचार तज्ज्ञांकडे न्यावे.

मग वर जावे. पहिल्या आठवड्यात जावे, पहिल्या वर्षानंतर नव्हे. आवाज चालू असताना, श्वास फुललेला असताना जाऊ नये. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जावे. आणि मागावे ते एकच मागावे. "आवाज बंद करा" हे कोणालाच जमत नाही. "रात्री दहानंतर खुर्ची ओढण्याऐवजी उचलून ठेवा" हे जमते. शक्य असेल तर वरच्यांना आपल्या खोलीत बसवून त्यांच्याच घरात कोणाला तरी चालायला सांगावे. आपल्या टाचेचा खाली किती आवाज होतो हे वरच्याला खरोखर ठाऊक नसते, अनेकजण ओशाळतात. खुर्ची-टेबलाच्या पायांना रबरी बूच, मिक्सरखाली जाड रबराचा तुकडा किंवा घडी केलेले पोते, वॉशिंग मशीन भिंतीपासून चार बोटे दूर, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. खालच्याने आपला पलंग सामाईक भिंतीपासून हलवावा. रात्री पंखा लावावा, त्याच्या एकसुरी आवाजात लहानसहान आवाज बुडतात. कानात घालायचे मऊ बोळे काहींना उपयोगी पडतात, पण टाचेचा ठोका खर्जातला असतो आणि तो त्यांनी पुरता अडत नाही. कान वाहत असेल त्यांनी ते वापरू नयेत. छत ठोकणे, उलट मोठ्याने गाणी लावणे, ग्रुपवर टोमणे मारणे, हे सगळे मी पाहिले आहे. त्याने कोणाचाही रक्तदाब उतरलेला पाहिलेला नाही.

कायद्याचे विचारणारे भेटतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. लाउडस्पीकर, रात्रीचा डीजे, रात्रीचे बांधकाम यांसाठी हे नियम कामाचे आहेत, ११२ ला फोन करता येतो. पण पलंग ओढल्याची फिर्याद घेऊन पोलिसांकडे जाणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ते काम सोसायटीचे आहे. ड्रिलिंग आणि फरशीकामाच्या वेळा ठरवणे, दुपारी दोन ते चार शांतता पाळणे, पाण्याची मोटर पहाटे किती वाजता लावायची याचा ठराव करणे, हे कोणत्याही सर्वसाधारण सभेत पंधरा मिनिटांत होईल. पार्किंगवर तीन तास जातात.

आणि फ्लॅट घेणाऱ्यांना एक सुचवतो. आपण स्वयंपाकघर पूर्वेला आहे का ते पाहतो, लिफ्ट कोणत्या कंपनीची ते विचारतो. आपल्या बेडरूमच्या वर कोणाचे बाथरूम येते, फरशीखाली आवाज शोषणारा थर आहे का, हे विचारणारा गिऱ्हाईक मी अजून पाहिलेला नाही. गिऱ्हाइकाने विचारल्याशिवाय बिल्डर कशाला सांगेल?

सगळे करूनही काही शेजारी सुधारत नाहीत. उर्मट माणसे जगात आहेतच, आणि ती कोणाच्या तरी वर राहणारच. अशा वेळी खोली बदलणे, तेही जमले नाही तर घर बदलणे हाही उपचार आहे. दोन कुटुंबांना मी तो स्पष्टपणे सांगितला. पैशांचे नुकसान झाले, पण दोन्ही घरांत आज झोपेची गोळी नाही.

गोळीबद्दल शेवटी. अल्प्राझोलाम आणि तिच्या जातीच्या गोळ्या आपल्याकडे जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे घेतल्या जातात. त्यांची सवय लागते, म्हाताऱ्या माणसाचा रात्री बाथरूमला जाताना तोल जातो, मांडीचे हाड मोडते, आणि वरचा आवाज जिथल्या तिथे राहतो. मात्र ज्यांची गोळी बरेच महिने चालू आहे त्यांनी हा लेख वाचून ती आज रात्री एकदम बंद करू नये. एकदम सोडल्याने झोप पार उडते, हात थरथरतात, क्वचित झटकेही येतात. आपल्या डॉक्टरांकडे जावे, गोळ्यांची पट्टी बरोबर न्यावी, आणि ती हळूहळू, काही आठवड्यांत कमी करून घ्यावी.